मल्लाप्पाची दुनळी

चामराजपेट, बेंगळूर
ता. १२ जुलै १९५७

चि. भागूस पिराजीचे आशीर्वाद.

तू आणि अनुसूया नंदगडला सुखरूप पोचलात, हे तुझ्या सासूबाईंच्या कार्डावरून कळलं. तू स्वतः दोन ओळी लिहिल्या असत्यास तर यल्लव्वाला बरं वाटलं असतं. ती तुझी भावजय कमी आणि बहीणच जास्त आहे.

पोलिसांचा कागद अखेर बंद झाला. रघुपतीराव वकिलांनी कचेरीत जाऊन नक्कल वाचली. त्यात असं आहे की, कनकपुऱ्याच्या रानात डुकराच्या मागावर असताना कंत्राटदार मल्लाप्पा काटेरी कुंपण ओलांडत होते. बंदूक जुनी दुनळी, ओढलेला घोडा जिच्यात अडकून राहतो ती खाच झिजलेली. त्यामुळं घोडा चाप न दाबता आपोआप पडला आणि पुढं चालणारा त्यांचा ड्रायव्हर दामोदर गोळी लागून जागीच मेला. म्हणजे अपघात. खटला नाही. पाच वर्षं लायसन थांबवलं आणि तोवर बंदूक परवाना असलेल्या दुकानात जमा करायला लावली, एवढंच.

ते दुकान आमचं निघालं, भागू. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. काल शिपाई मोहोरबंद पेटी घेऊन आला. आमचे मालक कृष्णमूर्ती, त्यांनी माझ्यासमोर मोहोर फोडली आणि म्हणाले, "पिराजी, पाच वर्षांची राखण आहे. नीट बांधून ठेव." मेलेला माणूस माझा कोण हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

चौदा वर्षांत मी शेकडो बंदुका खोलल्या, तशीच हीही खोलली. नळ्या गरम पाण्यानं धुतल्या, कारण दारूची राख आत राहिली तर ती हवेतलं पाणी ओढते. मग उन्हात तापवून तेल, तेलावर ग्रीस, वर मेणकागद. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल. घोडे आणि कमानी वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ग्रीसमध्ये बुडवून ठेवल्या. चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. हातही कापड गुंडाळून लावायचा, घामाच्या बोटांचा ठसा आठवड्यात लोखंडावर उठतो. ओल शोषायला कपाटात चुनकळीची वाटी ठेवली आहे.

हे सगळं तुला का लिहितोय कळत नाही. कामाचं लिहिलं की बाकीचं लिहावं लागत नाही, म्हणून असेल.

अनुसूयेला शाळेत घाल.

तुझा
पिराजी

•

नंदगड
ता. २ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप अण्णास भागूचा नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मलाच नीट वाचता येत नाही.

माझ्या नवऱ्याला ज्या नळीनं मारलं ती तू गरम पाण्यानं धुतलीस. मला दामोदरला शेवटची अंघोळ घालू दिली नाही, बायकांनी बघू नये म्हणाले. आणि तू त्या बंदुकीला अंघोळ घालून, तेल लावून, कागदात निजवलीस.

अपघात कसला ते तुला माहीत आहे. चोरीचं चंदन लॉरीत भरायला त्यानं नकार दिला. जंगलखात्याच्या साहेबाला सांगतो म्हणाला. त्यानंतर आठ दिवसांत मल्लाप्पाला त्याला शिकारीला न्यायची आठवण झाली. त्याआधी सहा वर्षांत कधी नेलं नव्हतं. नंतर माणसाच्या हाती साडी आणि तांदळाचं पोतं पाठवलं. साडी मी त्याच्या अंगावर फेकली. पोतं सासूबाईंनी ठेवून घेतलं. मी तो भात खाल्ला नाही, पण अनुसूयेनं खाल्ला.

मी तुझ्याकडं आजवर काही मागितलं नाही. आता मागते. ती बंदूक गंजू दे. मिठाचं पाणी ओत, ओल्या गोणपाटात गुंडाळ, काय करायचं ते तुला कळतं. पाच वर्षांनी तो घ्यायला येईल तेव्हा त्याच्या हाती लाल भुगा पडू दे. एवढं एक तरी त्याचं नासू दे.

ते करशील तेव्हा लिही. तोवर लिहू नकोस.

भागू

•

चामराजपेट, बेंगळूर
ता. २० ऑगस्ट १९५७

चि. भागूस आशीर्वाद.

तू म्हणतेस ते मला करता येणार नाही. ते माझं काम आहे आणि मी ते नीट करणार. याहून जास्त विचारू नकोस.

यल्लव्वानं अनुसूयेसाठी दोन झगे शिवलेत, ते येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

पिराजी

•

नंदगड
ता. १८ जून १९५९

पिराजी,

पावणेदोन वर्षं मी तुला लिहिलं नाही. झगे परत पाठवले ते मिळाले असतील.

आमच्या गावचा एक माणूस बेंगळूरच्या दंडूत, म्हणजे छावणीत, कामाला होता, तो गेल्या महिन्यात परत आला. त्यानं सांगितलं की मल्लाप्पा तुझ्या दुकानात आला होता, बंदूक बघून खूश झाला आणि जाताना तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू तो झटकला नाहीस. मी त्या माणसाला दोनदा विचारलं, "झटकला नाही?" तो म्हणाला, "नाही, मान खाली घालून उभा होता."

म्हणून मी बेंगळूरला आले. या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. तू म्हैसूरला कुणाच्या तरी बंदुका दुरुस्त करायला गेलायस हे यल्लव्वाच्या पत्रात होतं, ती मला अजून लिहिते. मी घरी गेले नाही. सरळ दुकानात गेले. कृष्णमूर्तींना म्हटलं, मी पिराजीची बहीण, गावाहून आले, त्याची वाट बघते. त्यांनी मला "बसा अक्का" म्हणून मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि पुढं गिऱ्हाईक आलं म्हणून गेले.

कपाटाला किल्ली लटकत होती. चिठ्ठीवर कन्नडमध्ये नाव होतं, तेवढं मला वाचता येतं. पेटीत त्या दोन नळ्या होत्या, बाळाला गुंडाळावं तशा कागदात गुंडाळलेल्या. मी कागद सोडला. बाटलीत खारट पाणी घेऊन आले होते. दोन्ही नळ्यांत ओतलं, वरून शिंपडलं, कागद होता तसा गुंडाळला आणि जाते म्हणून निघाले. कृष्णमूर्तींनी मला बसचा नंबरसुद्धा सांगितला. चांगला माणूस आहे.

हे पत्र मी मुद्दाम उशिरा टाकते आहे. आता तू काही करू शकणार नाहीस.

अनुसूया मामाबद्दल विचारते. तिला सांगितलंय, मामा गेला.

भागू

•

चामराजपेट, बेंगळूर
ता. २३ जून १९५९

भागू,

तुझं पत्र दुपारी दुकानातच मिळालं. वाचता वाचता मी कपाटाकडं गेलो. दोन्ही नळ्या गेल्या. आतून गंजाचे खड्डे पडलेत, ते आता भरून येणार नाहीत. कृष्णमूर्तींना सांगितलं की पावसाळ्यात माझी हयगय झाली. 

मग मी पत्र्याचा डबा उघडला. ग्रीसमध्ये बोट घालून तळापर्यंत चाचपलं. घोडे, कमानी, चाप, सगळं सुकं आणि स्वच्छ आहे. पाणी तिथवर गेलं नाही. तू तो डबा बघितला नाहीस, नाहीतर सगळंच गेलं असतं.

आता ऐक. दोन वर्षांपूर्वी जे लिहिलं नाही ते लिहितो.

खाच झिजलेली नाही. मोहोर फोडून मी बंदूक खोलली त्याच दिवशी मला ते दिसलं. बनवणाऱ्याच्या कानशीच्या रेषासुद्धा खाचेत अजून उमटून आहेत. घोडा ओढून मी ती बंदूक जमिनीवर आपटली, कुंपणावर पडावी तशी तिरकी पाडली, पन्नास वेळा केलं. घोडा हलला नाही. चापावर चांगला जोर दिल्याशिवाय तो पडतच नाही. मल्लाप्पानं घोडा ओढला, नेम धरला आणि चाप दाबला. पोलिसांनी खाच उघडून बघितलीच नाही, त्यानं सांगितलं ते लिहून घेतलं.

कृष्णमूर्तींच्या रजिस्टरात माल आला त्या दिवशीची नोंद आहे, "मोहोर शाबूत, दोन्ही घोडे व खाचा शाबूत." मी सांगितलं, त्यांनी स्वतः भिंगातून बघून लिहिलं. त्याचा अर्थ काय हे त्यांना माहीत नव्हतं.

मी रघुपतीरावांकडं गेलो. ते म्हणाले, "पिराजी, तू मेलेल्याचा मेहुणा. तुझ्या एकट्याच्या शब्दावर बंद झालेला कागद कुणी उघडणार नाही. पण पाच वर्षांनी लायसन परत मागताना त्याला दाखवावं लागेल की बंदुकीतला दोष दूर झाला. त्यासाठी तो तुझ्याकडंच येणार. तोवर ती खाच आहे तशी राहू दे. एकदा गंज चढला की झीज कुठली आणि गंज कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही."

म्हणून मी तेल लावतो. दर महिन्याला डबा उघडतो, जुनं ग्रीस पुसतो, नवं भरतो.

तुला का सांगितलं नाही? कारण मला तू माहीत आहेस. तू त्याच आठवड्यात मल्लेश्वरमला त्याच्या दारात उभी राहून ओरडली असतीस. दुसऱ्या दिवशी त्यानं बंदूक दुसऱ्या दुकानात हलवली असती, आणि कानशीनं खाच झिजवून देणारा माणूस तर कुठंही मिळतो.

आणि त्यानं खांद्यावर हात ठेवला ते खरं आहे. त्या दिवशी त्यानं नळ्या उजेडाकडं धरून आतून बघितल्या. त्याचा डोळा नळीच्या तोंडाशी होता. माझ्या हातापाशी खण होता आणि खणात काडतुसं होती. बंदूक जोडायला मला दीड मिनिट लागतं. मी मान खाली घातली होती ती त्याच्यासाठी नाही. माझे हात बघत होतो, ते खणाकडं जातात की काय म्हणून.

पिराजी

•

नंदगड
ता. ४ जुलै १९५९

तीर्थरूप अण्णास,

माझं चुकलं. हे एकदाच लिहिते, परत परत लिहायला मला जमत नाही.

पण तुझंही चुकलं. तुला वाटलं माझ्या तोंडात काही राहत नाही. अण्णा, दामोदरनं साहेबाला सांगायचं ठरवलं होतं हे त्यानं मला आठ दिवस आधी सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, "सांग, भितोस काय?" हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुझ्याजवळही नाही. माझ्या तोंडात काय काय राहतं ते आता बघ.

आणखी तीन वर्षं ना? बसते मी गप्प. तू दर महिन्याला डबा उघडतोस त्या दिवशी मला एक कार्ड टाकत जा. काही लिहू नकोस, फक्त घरी सगळं ठीक आहे एवढं लिही. मी समजेन.

त्यानं तुरुंगात मरावं असं मला वाटतं. पटकन नाही, सावकाश. देवासमोर बसले की हेच मागते. सासूबाईंना वाटतं मी फार देवभोळी झाले.

अनुसूयेला सांगितलं की मामा परत आला. ती म्हणाली, कुठून? मी म्हटलं, लांबून.

तुझी
भागू

•

चामराजपेट, बेंगळूर
ता. २७ ऑगस्ट १९६२

चि. भागूस आशीर्वाद.

या महिन्यात कार्ड नाही, पत्र आहे. तो आला.

काल अकराच्या सुमाराला, लायसनचा अर्ज घेऊन. जाड झालाय, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लागलाय. कृष्णमूर्ती त्यांच्या टेबलाशी होते. मी पेटी काढून ठेवली. त्यानं नळ्या उजेडाकडं धरल्या आणि त्याचा चेहरा बदलला.

"ही राखण केलीत?"

"चूक माझी आहे, शेट," मी म्हणालो. "एका पावसाळ्यात ओल गेली."

तो थोडा वेळ बडबडला, मग म्हणाला, "जाऊ दे, नळ्या नव्या बसवू. कचेरीला कारागिराचा दाखला पाहिजे. लिहून दे की खाच झिजली होती, ती दुरुस्त केली."

मी डबा उघडला. घोडे पुसून पांढऱ्या कपड्यावर मांडले, वर भिंग ठेवलं. "दुरुस्त काय करू, शेट? खाच झिजलेली नाही. आली तेव्हाच शाबूत होती."

त्यानं भिंगातून बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं, मग कृष्णमूर्तींकडं. त्याला वाटलं असेल की दोन दुकानदार माणसं, यांना काय भ्यायचं. तो कन्नडमध्ये अगदी सहज बोलला, चहा सांगावा तसा. "मग स्वल्प कानस लाव. आधी झिजव, मग भरून काढ. दोन्ही तुझंच काम. शनिवारी माणूस पाठवतो."

मी कन्नडमध्येच हो म्हटलं, "सरी."

तो गेल्यावर कृष्णमूर्तींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या माणसानं उभ्या जन्मात कुणा अधिकाऱ्यासमोर आवाज चढवलेला नाही, पोलीस शिपाई आला तरी खुर्ची सोडून उठतात. ते म्हणाले, "पिराजी, त्या वेळी मेला तो ड्रायव्हर कोण होता?"

"माझ्या बहिणीचा नवरा."

"इथं येऊन बसली होती ती?"

"तीच."

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "पाच वर्षं मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर ही बंदूक दुकानात ठेवली असतीत?"

"नसती ठेवली," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत. मग उठून सत्तावन्न सालचं रजिस्टर काढलं, आपलंच अक्षर वाचलं आणि ते काखेत घेऊन म्हणाले, "दुकान बंद कर. ती पेटी घे. तुझे वकील बसवनगुडीला राहतात ना?"

बसमध्ये रजिस्टर छातीशी घट्ट धरून ते सारखं मागं वळून बघत होते. पण रघुपतीरावांसमोर जे ऐकलं ते शब्द न् शब्द लिहून दिलं आणि सही केली. आज सकाळी तो कागद, रजिस्टर आणि पत्र्याचा डबा पोलिसांच्या वरच्या साहेबाकडं पोचला.

पिराजी

•

नंदगड
ता. ५ सप्टेंबर १९६२

तीर्थरूप अण्णास नमस्कार.

पत्र वाचून मी परसात जाऊन बसले. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. भूक लागली. पोटभर जेवले.

त्याला फाशी होईल का? वकिलांना विचार. त्याची बायको प्रमोदिनी दिवाळीला ड्रायव्हरच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायची. चांगली बाई होती. तिचं कपाळ माझ्यासारखं व्हावं असं मला वाटतं. हे वाईट आहे हे कळतं. तरी वाटतं.

कृष्णमूर्तींना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्या दुकानात चोरासारखी वागले, तेही सांग.

भागू

•

चामराजपेट, बेंगळूर
ता. ९ डिसेंबर १९६३

चि. भागूस आशीर्वाद.

माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलानं दोन तास मला सोललं. मेहुणा आहेस, सूड घ्यायला तूच खाच नवी केलीस, म्हणाला. मी म्हणालो, सूड घ्यायचा होताच, म्हणून तर खाचेला हात लावला नाही. लिहून घेतलं सगळ्यांनी.

नंतर सरकारी तज्ज्ञाची साक्ष. त्यानं घोडे महिनाभर तपासले होते. तो म्हणाला की या खाचेवर बनवल्यापासून कानस फिरलेली नाही, गंजाचा एक ठिपका नाही, म्हणून मूळच्या रेषा स्पष्ट वाचता येतात. बंदूक आपोआप सुटणं शक्य नाही. न्यायाधीशांनी विचारलं, सहा वर्षं हे असं राहिलं कसं? तो म्हणाला, कुणीतरी दर महिन्याला काळजी घेतली आहे.

आणि त्या दिवशी शिकारीत त्यांच्याबरोबर असलेला रानातला वाटाड्या, जो इतकी वर्षं काही बघितलं नाही म्हणत होता, तो हे ऐकून दुसऱ्या दिवशी आपणहून उभा राहिला. त्यानं घोडा ओढल्याचा आवाज ऐकला होता.

निकाल पुढच्या महिन्यात. तू ये. दुकानातलं काम कमी झालंय, मल्लाप्पाच्या ओळखीची गिऱ्हाइकं फिरकत नाहीत. कृष्णमूर्ती म्हणतात, बरं झालं, स्वल्प विश्रांती.

पिराजी

•

नंदगड
ता. २ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप अण्णास भागूचा नमस्कार.

तुझा ताप उतरला असं यल्लव्वाचं कार्ड आलं. निकालाच्या दिवशी तू अंथरुणात फणफणत होतास, म्हणून घरी येऊन मी फक्त जन्मठेप झाली एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. एक गोष्ट सांगायची राहिली. तोंडानं सांगता आली नसती, म्हणून लिहिते.

निकाल ऐकून मी बाहेर आले आणि व्हरांड्यात पाण्याच्या रांजणाशेजारी बाकावर बसले.  सात वर्षं मी ठरवत होते की तो समोर आला की काय करायचं. थुंकायचं, चप्पल मारायची, दामोदरचं नाव घेऊन ओरडायचं. रोज काहीतरी वेगळं.

मग पोलिसांनी त्याला बाहेर आणला. गाडी यायची होती, म्हणून तिथंच उभा केला, माझ्यापासून दोन हातांवर. हातात बेडी. ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यानं रांजण बघितला, मग मला बघितलं. कोर्टातली झाडणारी बाई वाटली असेन. म्हणाला, "अक्का, स्वल्प पाणी दे."

अण्णा, त्यानं मला ओळखलं नाही. मी सहा वर्षं त्याच्या घरी हळदीकुंकवाला जायचे.

मी उठले. पेला विसळला, भरला आणि त्याच्या हातात दिला. बेडीमुळं त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. ओठाशी नेला तेव्हा मी म्हटलं, "मी दामोदरची बायको."

पेला तिथंच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पाणी त्याच्या मनगटावरून गळत होतं. मी बाजूला झाले नाही, नजर हटवली नाही. पी म्हटलं नाही, पिऊ नको म्हटलं नाही. शिपाई म्हणाला, "पी लवकर, गाडी आली." त्यानं पेला बाकावर ठेवला आणि तसाच, तहानलेला, गाडीत चढला.

प्रमोदिनीबाई मागं उभी होती. तिनं ते सगळं बघितलं. तिनं पेला उचलून पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

मला त्याची लाज वाटत नाही. सात वर्षांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. पण अनुसूया विचारते, आई, कोर्टात काय झालं, आणि मी तिला सगळं सांगते, हे एक सोडून. ते का सांगत नाही, तुला कळलं तर लिही.

तुझी
भागू